कुंडीतल्या स्ट्रॉबेरीची मुळे खाणाऱ्या अळ्यांवर पाकीटबंद सूत्रकृमी : दोन हंगामांच्या वापरानंतर

भर वाढीच्या दिवसांत स्ट्रॉबेरीचे एखादे रोप दुपारी मान टाकते, संध्याकाळी पाणी घातल्यावरही सावरत नाही आणि हलकेच ओढून पाहिले तर जवळजवळ मुळांशिवायच हातात येते. अशा वेळी दोष पाण्याचा नसून मातीच्या आत कोणीतरी मुळे खात बसले आहे, हे कळायला मला पहिला हंगाम जवळपास पूर्ण घालवावा लागला. माझ्याकडे वीस सेंटिमीटर व्यासाच्या तीस कुंड्या आहेत. त्यांपैकी अकरा कुंड्यांतील रोपे त्या हंगामात गेली, आणि अकराव्या कुंडीची माती जुन्या वर्तमानपत्रावर उपडी केली तेव्हा कुठे तिच्यात अर्धवट वेटोळे घातलेल्या, पांढुरक्या अंगाच्या आणि तपकिरी डोक्याच्या सात अळ्या सापडल्या. त्यांच्यावर उपाय म्हणून जे उत्पादन मी विकत आणले आणि पुढचे दोन हंगाम वापरले, त्याचे हे परीक्षण आहे. ते म्हणजे किडींना मारणाऱ्या जिवंत सूत्रकृमींचे, म्हणजे धाग्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींचे, पाकीट. उत्पादन माझ्या मते उत्तम आहे. ते ज्या रीतीने विकले जाते आणि त्यासोबत जी माहितीपत्रिका मिळते, त्यांबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.

सूत्रकृमी हा शब्द ऐकताच बागकाम करणारा माणूस दचकतो, आणि ते योग्यच आहे. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी हे स्ट्रॉबेरीचेही शत्रू आहेत, आणि आपल्याकडे हा शब्द बहुतेक वेळा त्यांच्याच संदर्भात कानांवर पडतो. परंतु पाकिटातले सूत्रकृमी वेगळ्या कुळांतले असतात. झाडांवर जगणाऱ्या सूत्रकृमींच्या तोंडात मुळांच्या पेशी भोसकण्यासाठी सुईसारखा अवयव असतो. पाकिटातल्यांकडे तो नसतो आणि वनस्पतीच्या कोणत्याही भागाशी त्यांना कर्तव्य नसते. बाजारात प्रामुख्याने दोन गटांचे सूत्रकृमी मिळतात, स्टायनरनेमा आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिस. मी वापरलेल्या पाकिटात हेटेरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा ही जात होती. तिची पिल्ले जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची असतात. ओल्या मातीतून वळवळत ती अळीपर्यंत पोहोचतात, तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनरंध्रांतून आत शिरतात, आणि जिथे कातडी मऊ असेल तिथे आपल्या बारीक दाताने ती खरवडूनही वाट काढतात. आत गेल्यावर ती स्वतःच्या आतड्यात बाळगलेले फोटोऱ्हॅब्डस नावाचे जिवाणू अळीच्या रक्तात सोडतात. अळी दोन-तीन दिवसांत मरते ती खरे म्हणजे या जिवाणूंमुळे. पुढे सूत्रकृमी त्याच मृत देहात वाढतात, पिढी घालतात, आणि अन्न संपले की हजारोंच्या संख्येने नवी पिल्ले दुसऱ्या अळीच्या शोधात मातीत उतरतात. माणूस, पाळीव प्राणी आणि गांडुळे यांना त्यांच्यापासून अपाय होत नाही. खाण्याच्या फळाला माती लागून असलेल्या स्ट्रॉबेरीसारख्या पिकाच्या बाबतीत हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तरीही पाकीट विकत घेण्यापूर्वी कुंडीत नेमके काय आहे ते पाहिले पाहिजे, आणि या उत्पादनाबद्दल निराश झालेल्या अनेकांची चूक इथेच झालेली असावी असा माझा समज आहे. रोप उपटून मुळे धुवावीत. मुळे काळपट, लिबलिबीत आणि चिमटीत धरल्यावर साल सुटणारी असतील, तर ती मुळकूज आहे. निचरा सुधारणे हा तिचा उपाय आहे, आणि सूत्रकृमींचे दहा पाकिटे ओतली तरी तिच्यावर उपयोग होणार नाही. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर वर सांगितलेले शत्रू सूत्रकृमी आले आहेत. तंतुमुळे जागेवरच नसतील, जाड मुळांवर कुरतडल्याच्या खुणा असतील किंवा रोपाच्या बुंध्याला खालून पोखरलेले असेल, तरच अळीचा संशय घ्यावा आणि माती चाळून ती अळी प्रत्यक्ष शोधावी.

सापडलेल्या अळीचे पाय मोजणे हा सर्वांत सोपा निकष आहे. पाय अजिबात नसतील, लांबी एक सेंटिमीटरच्या आतबाहेर असेल आणि डोके तपकिरी असेल, तर ती सोंड असलेल्या भुंगेऱ्याची म्हणजे सोंडकिड्याची अळी होय. डोक्यामागे तीन जोड्या पाय स्पष्ट दिसत असतील आणि अंग जाड, मागच्या टोकाला मातीमुळे काळसर दिसणारे असेल, तर ती हुमणी. पिवळसर तपकिरी, तारेसारखी सरळ आणि बोटाला कडक लागणारी अळी असेल तर ती वायरवर्म. हा तिसरा पाहुणा मातीत अनेक वर्षे अळीच्याच रूपात राहतो आणि त्याच्या टणक कातडीपुढे सूत्रकृमींचे फारसे चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे पाकीट घेऊ नये. बटाट्याचे तुकडे मातीत पुरून दोन-तीन दिवसांनी त्यांत शिरलेल्या अळ्यांसह ते उचलून टाकणे त्यापेक्षा बरे. हुमणीवर हेटेरोऱ्हॅब्डायटिस चालते, पण अळी लहान असताना. पूर्ण वाढलेली जाडजूड हुमणी पुष्कळदा तगून जाते. सोंडकिड्याच्या अळीवर मात्र हे उत्पादन जणू तिच्यासाठीच घडवल्यासारखे काम करते, आणि माझ्या कुंड्यांत तीच होती.

इथे एक लहानशी फजिती नोंदवते. मातीत पिवळसर, वाटोळे मणी दिसले म्हणून मी ती अंडी समजून अर्धा तास चिमट्याने वेचत बसले होते. ते रोपवाटिकेतून आलेल्या मातीतले सावकाश विरघळणारे खत निघाले. खताचे दाणे दोन ते चार मिलिमीटरचे असतात आणि दाबले की त्यांतून पाणी येते. सोंडकिड्याचे अंडे एक मिलिमीटरहूनही लहान असते आणि मातीत ते सहजासहजी नजरेला पडत नाही.

माझे पहिले पाकीट वाया गेले. हे उत्पादन म्हणजे जिवंत माल आहे, तो शीतकपाटात चार ते आठ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो, आणि तसा ठेवला तरी त्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते. मी ज्या विक्रेत्याकडून ते मागवले, त्याने ते साध्या खोक्यात, थंडाव्याची कोणतीही सोय न करता पाठवले. खोके हातात घेतले तेव्हा आतले पाकीट कोमट लागत होते. त्यावरील मुदत संपायला दोन आठवडे बाकी होते, म्हणून मी ते निःशंकपणे वापरले, आणि महिनाभराने माती उकरून पाहिली तेव्हा अळ्या पूर्वीइतक्याच सुखात होत्या. तक्रार केल्यावर मुदतीकडे बोट दाखवण्यात आले. छापलेली मुदत ही थंड साखळी न तुटल्यास लागू असते, एवढी साधी गोष्ट ग्राहकाने विक्रेत्याला समजावून सांगावी लागणे हे या व्यवसायाचे लक्षण चांगले नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक पाकीट वापरण्यापूर्वी तपासते, आणि ही तपासणी माहितीपत्रिकेच्या पहिल्या ओळीत असायला हवी होती असे माझे स्पष्ट मत आहे. पाकिटातील चिमूटभर पूड काळ्या बशीत घेऊन तिच्यावर चमचाभर साधे, थंडावलेले पाणी घालावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि चांगल्या भिंगातून उजेडात पाहावे. जिवंत सूत्रकृमी वळवळताना दिसतात. मेलेले सुईच्या तुकड्यांसारखे सरळ आणि निश्चल पडलेले असतात. थोडेसे मेलेले असणारच, पण बहुसंख्य निश्चल असतील तर ते पाकीट परत करावे. दुसरे पाकीट मी दुसऱ्या ठिकाणाहून मागवले. ते बर्फाच्या पिशवीसह जाड थर्माकोलच्या डब्यात आले, आणि बशीतला देखावा पाहून पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

माझी दुसरी तक्रार पाकिटाच्या आकाराबद्दल आहे. मला मिळालेल्या सर्वांत लहान पाकिटात ५० लाख सूत्रकृमी होते. शेतासाठी शिफारस केली जाणारी नेहमीची मात्रा हेक्टरी अडीचशे कोटी, म्हणजे चौरस मीटरला अडीच लाख आहे, आणि कुंड्यांसाठी साधारणपणे तिच्या दुप्पट, म्हणजे चौरस मीटरला पाच लाख धरतात. आता वीस सेंटिमीटर व्यासाच्या एका कुंडीचा पृष्ठभाग ३१४ चौरस सेंटिमीटर भरतो. तीस कुंड्यांचा मिळून एक चौरस मीटरही होत नाही. याचा अर्थ मला पाच लाखांहून कमी सूत्रकृमी पुरेसे होते आणि मी त्याच्या दहापट विकत घेतले. जास्त मात्रेने रोपाला काही होत नाही, परंतु उरलेले पाकीट पुढच्या खेपेसाठी जपून ठेवण्याची सोयही नाही. एकदा फोडल्यावर ते वापरावेच लागते. पूड चमच्याने मोजून थोडी थोडी घेण्याचा मोहही टाळावा, कारण पुडीत सूत्रकृमी सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. पूर्ण पाकीट पाच लिटर पाण्यात कालवून, ते मूळ द्रावण ढवळत ढवळत त्यातून मापाने घेणे हाच योग्य मार्ग आहे. घरगुती वापरासाठी पाच-दहा लाखांचे पाकीट काढणे कंपन्यांना अशक्य नसावे. ते येईपर्यंत दोन-तीन बागप्रेमी शेजाऱ्यांनी एकच पाकीट एकाच संध्याकाळी वाटून वापरणे शहाणपणाचे ठरेल. मी दुसऱ्या हंगामात तेच केले.

आळवणीची, म्हणजे हे द्रावण मुळांशी मातीत ओतण्याची, रीत अवघड नाही, पण तिच्यात सवलत घ्यायला जागाही नाही. ऊन आणि कोरडेपणा हे सूत्रकृमींचे दोन वैरी आहेत, त्यामुळे काम सूर्य मावळल्यावर करावे. कुंड्या त्याआधी नेहमीसारख्या भिजवून घ्याव्यात, म्हणजे मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यातूनच सूत्रकृमी पोहत पुढे सरकतात. झारीचा बारीक छिद्रांचा झारा काढून ठेवावा, आणि फवारणी पंप वापरायचा असेल तर त्यातील जाळ्या काढाव्यात, नाहीतर निम्मे सूत्रकृमी तिथेच अडकतील. ते पाण्यात तळाशी बसतात, म्हणून दर दोन-तीन कुंड्यांनंतर झारी हलवावी. कालवलेले द्रावण उद्यासाठी ठेवू नये. पाण्यातला प्राणवायू संपला की ते गुदमरतात. शेवटी प्रत्येक कुंडीत आणखी थोडे साधे पाणी घालावे, म्हणजे पानांवर व मातीच्या वरच्या थरावर राहिलेले सूत्रकृमी मुळांपर्यंत उतरतात. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळे वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्येच असतात, त्यामुळे फार खोल पोहोचण्याची चिंता नसते.

यापुढचे दोन आठवडे खरी कसोटी असते. माती सतत ओलसर हवी, पण चिखल नको. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तशी अवस्था कुंडीत टिकवायची असते. स्ट्रॉबेरीला स्वतःलाही तेच आवडते, त्यामुळे एरवी चांगली निगा राखणाऱ्याला वेगळे असे काही करावे लागत नाही. तापमानाकडे मात्र लक्ष हवे. हेटेरोऱ्हॅब्डायटिसला मातीचे तापमान साधारण १४ ते ३० अंशांच्या दरम्यान लागते, आणि इथे हवेचे नव्हे तर मातीचे तापमान अभिप्रेत आहे. उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. मी स्वयंपाकघरातला सळईचा तापमापक मातीत खुपसून पाहिला तेव्हा कडेच्या कुंड्यांत ३६ अंश निघाले, म्हणून त्या कुंड्या आठवडाभर सावलीत हलवल्या. याउलट माती थंडगार असेल तर स्टायनरनेमा क्रौसेई ही जात मागावी. ती पाच अंशांपासून काम करू शकते. याच गटातील ही जात १९२३ मध्येच वर्णिली गेली होती. विक्रेत्यांच्या जाहिरातींत ‘सूत्रकृमी’ एवढाच शब्द मोठ्या अक्षरांत असतो आणि जातीचे नाव कोपऱ्यात बारीक टाइपात, हे ग्राहकाच्या दृष्टीने उलटे आहे.

परिणाम कसा दिसला, हे सांगते. दुसऱ्या पाकिटानंतर बाराव्या दिवशी मी दोन संशयित कुंड्या उकरल्या. एकीत विटकरी लाल रंगाच्या तीन शिथिल अळ्या मिळाल्या. हा लाल रंग या जातीच्या सूत्रकृमींनी मारल्याची खूण असते, स्टायनरनेमाने मारलेली अळी पिवळट तपकिरी होते. दुसऱ्या कुंडीत काहीच मिळाले नाही, कारण मेलेल्या अळ्या लवकर विरघळून जातात. फोटोऱ्हॅब्डस जिवाणू प्रकाश देतात आणि त्यामुळे मृत अळी काळोखात मंद चमकते, असे वाचल्यामुळे मी एक अळी बशीत घेऊन दिवे मालवून बसले होते. डोळे सरावायला पुष्कळ वेळ दिला तरी घरातल्यांच्या हसण्याखेरीज काही हाती लागले नाही. ज्या रोपांची निम्मी मुळे शाबूत होती, त्यांनी तीन-चार आठवड्यांत नवी पाने काढली. ज्यांचा बुंधाच पोखरला गेला होता, ती चार रोपे गेलीच. अळी मेली म्हणून खाल्लेली मुळे परत येत नाहीत. दुसऱ्या हंगामात मी रोपे कोमेजण्याची वाट न पाहता, अळ्या लहान असतानाच आळवणी केली, आणि तीसपैकी एकच रोप गमावले.

सूत्रकृमींच्या जोडीला सहा कुंड्यांत मी मेटॅऱ्हायझियम बुरशीची पूडही वापरून पाहिली. ही बुरशी किडींच्या कातडीवर रुजून आत वाढते आणि शेवटी मृत अळीवर हिरव्या बीजाणूंचा थर आणते. तिचा उपयोग नवा नाही. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी १८७९ मध्ये गव्हावरील भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर तिचे प्रयोग केले होते. सूत्रकृमींच्या तुलनेत तिची साठवण सोपी आहे आणि कुंडी भरतानाच ती मातीत मिसळता येते, पण काम संथ आहे आणि उबदार, ओलसर मातीशिवाय ती नीट चालत नाही. आधीच लागलेल्या किडीवर मी तिच्या भरवशावर राहणार नाही. नवी लागवड करताना मातीत मिसळण्यासाठी ती जरूर घेईन. डायटोमाइट पावडर, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्म कवचांची भुकटी, मात्र घेऊ नये. तिचा परिणाम कोरडी असेपर्यंतच टिकतो, आणि स्ट्रॉबेरीची माती कोरडी ठेवली तर अळीच्या आधी रोप जाईल. मातीत ओतायच्या रासायनिक कीटकनाशकांचा विचार मी केलाच नाही, कारण फुले आणि फळे एकाच वेळी अंगावर असणाऱ्या या झाडाला मधमाश्याही भेट देतात आणि घरातली मुलेही.

हे पाकीट कोणी घेऊ नये, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चार-पाच कुंड्या असणाऱ्याने पैसे खर्च करण्याचे कारण नाही. कुंडी उपडी करावी, मुळे बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावीत, अळ्या वेचून नष्ट कराव्यात आणि स्वच्छ मातीत रोप पुन्हा लावावे. एका दुपारचे काम आहे आणि कोणत्याही पाकिटापेक्षा खात्रीचे आहे. हिरवळ खणून नुकताच वाफा केला असेल, तर पहिल्या वर्षी तिथे स्ट्रॉबेरी लावूच नये, कारण गवताच्या मुळांवर वाढलेल्या हुमणी आणि वायरवर्मना तिथे दुसरे अन्न उरलेले नसते. जुन्या कुंड्यांतील माती नव्या रोपांसाठी जशीच्या तशी वापरणे हेही अळ्यांना दिलेले आमंत्रणच आहे. माझ्या पहिल्या वर्षीच्या अकरा कुंड्यांपैकी आठांत अशीच जुनी माती होती.

पाकिटाने न सुटणारा एक भाग उरतो, तो म्हणजे प्रौढ सोंडकिडा. आळवणीने तो मरत नाही. मोठ्या जातीचा हा भुंगेरा काळसर, साधारण एक सेंटिमीटर लांबीचा असतो. दिवसा कुंडीखाली लपतो आणि रात्री पानांच्या कडा दातेरी कातरतो. त्याला उडता येत नाही, हे आपल्या पथ्यावर पडते. परंतु या जातीत नर लागत नाहीत आणि एकटी मादी हंगामात शेकडो अंडी घालते, म्हणजे एक भुंगेरा सुटला तरी पुढचा हंगाम धोक्यात येतो. म्हणून पानांच्या कडेला खाचा दिसू लागल्या की मी रात्री दहानंतर विजेरी घेऊन कुंड्या तपासते. रोपाखाली पांढरे कापड पसरून पाने झटकली की भुंगेरे मेल्याचे सोंग घेऊन खाली पडतात, ते साबणाच्या पाण्यात टाकायचे. गेल्या हंगामात अशा चार रात्रींत एकूण नऊ भुंगेरे मिळाले. माहितीपत्रिकेत याबद्दल अक्षरही नाही. पानांवर खाचा दिसल्यापासून पाच-सहा आठवड्यांनी मातीत कोवळ्या अळ्या असण्याचा संभव असतो, त्यामुळे पुढचे पाकीट मी त्या हिशेबाने मागवले आहे, आणि ते थंड डब्यातच पाठवावे असे विक्रेत्याकडून आधी लेखी मागून घेतले आहे.